उपचार चालू आहेत, आणि तरी मधूनच हसू येतं. तुमचंही असं होतं का?

साताऱ्याच्या_बाई

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, लिहितेय पहिल्यांदाच. लांबण लागलंय, सांभाळून घ्या.

मी ३५ वर्षांची. लग्नाला नऊ वर्षं झाली. सातारा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत दुसरीला शिकवते, हे पतसंस्थेत आहेत. मूल व्हावं म्हणून चार वर्षं गोळ्या, मग तीन आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडतात ते), आणि यंदा दिवाळीनंतर पुण्यात पहिलं आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार. शिक्षक सोसायटीचं कर्ज काढून केलं. ते यशस्वी झालं नाही. दोन गर्भ गोठवून ठेवलेत, त्यातल्या एकाचं ट्रान्सफर, म्हणजे गर्भाशयात सोडणं, पुढच्या महिन्यात आहे.

त्रास सगळ्यांना माहीत आहे, तो लिहीत बसत नाही. मला विचारायचंय ते वेगळंच. या सगळ्यात अशा काही गोष्टी घडल्या की आम्ही दोघं पोट धरून हसलो. आणि हसून झाल्यावर मला फार अपराधी वाटलं.

पहिली गोष्ट ट्रिगरची, म्हणजे बीजं पिकवायच्या शेवटच्या इंजेक्शनची. ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक आहे, बीजं काढायच्या बरोबर ३६ तास आधी ते इंजेक्शन घ्यायचं असतं, त्यात पुढेमागे चालत नाही. मंगळवारी सकाळी साडेआठला पुण्यात नंबर होता, म्हणजे रविवारी रात्री साडेआठला इंजेक्शन. आणि रविवारी कराडला मामेबहिणीचं लग्न, संध्याकाळी स्वागत समारंभ. जाणं टाळता येईना. इंजेक्शन बर्फाच्या पिशवीत, पिशवी माझ्या शाळेच्या डब्याच्या बॅगेत. आठ वाजून वीस मिनिटांनी आम्ही जागा शोधतोय. वधूपक्षाच्या खोलीत चिक्कार बायका, बाथरूमला रांग. शेवटी हे मला कार्यालयाच्या कोठीघरात घेऊन गेले. तांदळाची पोती, तेलाचे डबे, जिलब्यांच्या पराती. मी पोत्यावर बसून पदर सरकवला, ह्यांनी सिरिंज भरली, आणि तेवढ्यात आचारी आत आला. हे घाईघाईने म्हणाले, "शुगर आहे हिला." आचारी बिचारा लगेच मागे फिरला आणि बाहेर उभा राहून कुणाला आत येऊ देईना.

पुढे पंगतीत बसलो. वाढपी जिलबी घेऊन माझ्यासमोर आला तर तो आचारी लांबून ओरडला, "त्या ताईंना नको, शुगर आहे त्यांना!" अख्खी पंगत माझ्याकडे बघायला लागली. मावशी म्हणाली, अगं कधीपासून? काकी म्हणाली, म्हणूनच दिवस राहत नसतील. पण तो आचारी स्वतः उठून माझ्यासाठी वेगळी काकडीची कोशिंबीर घेऊन आला. मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे. कराड ते सातारा गाडीत आम्ही हसत होतो. इतकी मोकळी मी कित्येक महिन्यांत हसले नव्हते.

सोनोग्राफीत अकरा फॉलिकल (बीजाच्या पिशव्या) दिसले होते. हे म्हणाले, अकरा म्हणजे पूर्ण टीम. मग बीजं नऊ निघाली, त्यातली सहा पक्व, फलन झालं पाच, आणि पाचव्या दिवसापर्यंत टिकले तीन. लॅबमधून रोज फोन यायचा आणि हे कुणाला स्कोअर सांगावा तसा आकडा मला सांगायचे. हसवायला सांगायचे, पण आवाज हलायचा त्यांचा.

दुसरी गोष्ट ट्रान्सफरची. शाळेच्या व्हरांड्यात मी फोनवर बोलत होते, "हो, ट्रान्सफर गुरुवारी आहे." आमचे एक सर मागून येत होते, त्यांनी तेवढंच ऐकलं. आता जिल्हा परिषदेच्या शिक्षकासमोर ट्रान्सफर हा शब्द काढला तर त्याला एकच अर्थ कळतो. दुपारच्या सुट्टीपर्यंत केंद्रातल्या सगळ्या शाळांत झालं की बाईंची बदली झाली. वर्षाच्या मधेच! बदल्यांचं पोर्टल उघडलेलं नसताना! कुणी विचारतंय तालुका कुठला मिळाला, कुणी विचारतंय कुणाकडून काम केलंत, आमचाही अर्ज अडकलाय. मी कुणाला काय सांगणार. नुसतं म्हटलं, अजून नक्की नाही.

ट्रान्सफरनंतर बाराव्या दिवशी बीटा एचसीजीचा, म्हणजे दिवस राहिलेत का ते सांगणारा, रक्ताचा रिपोर्ट आला. मी फळ्यावर बेचा पाढा लिहीत होते. टेबलावर मोबाईल उजळला. १.२. म्हणजे नाही. बे पंचे दहा लिहिलेलं होतं, बे सक बारा लिहिलं, आणि दहापर्यंत पाढा पुरा केला. पोरांनी म्हणून दाखवला. मग खडू ठेवला.

दुसऱ्या दिवशी तेच सर जवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "बाई, झाली का ट्रान्सफर?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "झाली होती सर, रद्द झाली." सर इतके गंभीर झाले. खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "हे बघा, एकदा रद्द झाली म्हणून खचायचं नाही. माझी दोनदा झालेली. कागदपत्रं जपून ठेवा. परत अर्ज करायचा. होते. वेळ लागतो पण होते."

सांगते तुम्हाला, त्या आठवड्यात सगळ्या नातेवाइकांनी, डॉक्टरांनी, मैत्रिणींनी माझी समजूत घातली. कुणाच्याच बोलण्याने मला असं बरं वाटलं नाही. घरी येऊन ह्यांना शब्दन् शब्द सांगितला. ओट्यापाशी उभं राहून आम्ही दोघं हसत सुटलो. "कागदपत्रं जपून ठेवा" म्हणताना हे खालीच बसले. हसता हसता मी रडायला लागले, मग हेही रडले, मग परत हसलो. आणि सासूबाई दारात. त्यांना फक्त हसणंच ऐकू गेलं असावं. म्हणाल्या, "काल एवढं झालं घरात. एवढं हसू सुचतं तरी कसं?"

त्या वाईट नाहीत हो. माझ्यासाठी सोळा सोमवार धरलेत त्यांनी या वयात. म्हणूनच ते वाक्य लागलं. तेव्हापासून मनात घर करून बसलंय: मला मूल मनापासून हवंय ना? हवं असतं तर हसले असते का?

आणि दुसरं. या रविवारी धाकट्या जावेचं डोहाळजेवण आहे. सातवा लागलाय तिला. ती चांगली मुलगी आहे. माझा रिपोर्ट आला त्या दिवशी तिने स्वतःचा सोनोग्राफीचा फोटो स्टेटसवरून काढून टाकला, मला न सांगता. मला तिच्यासाठी आनंद आहे, खरंच आहे. आणि तिच्या पोटाकडे बघितलं की घशाशी येतं. दोन्ही एकाच वेळी. जाऊ की नको?

---

डोंबिवली_जलद

बाई, तुमचे ते सर मला पाठवून द्या.

माझे चार आययूआय, दोन आयव्हीएफ. दुसऱ्या वेळी गर्भ टिकावा म्हणून प्रोजेस्टेरॉनची तेलातली इंजेक्शनं होती, कमरेच्या खाली, रोज, आलटून पालटून एकेका बाजूला. गाठी येतात, बसवत नाही. लोकलमध्ये आमचा बायकांचा ग्रुप आहे आणि त्यात माझा बसायचा नंबर ठाण्याच्या आत येतो. मी म्हणायचे, नको, उभीच बरी. डोंबिवली ते सीएसएमटी उभी! लेडीज डब्यात बसायला जागा मिळत असताना कुणी नाही म्हणतं का? पंधरा दिवसांनी एकीने हळूच विचारलं, "उभं राहायचा नवस केलायस का?" मला काही सुचेना, मी हो म्हटलं. तर त्या सगळ्यांनी ठरवून टाकलं की माझा नवस मोडायचा नाही. दारातल्या गर्दीत मला कुणी ढकलू नये म्हणून दोघी दोन बाजूंना उभ्या राहायच्या, रोज, स्वतःच्या सीटा सोडून. त्या दोघींना मी अजून खरं सांगितलेलं नाही. सांगायचंय.

आता डोहाळजेवण. माझं स्पष्ट मत आहे, जाऊ नका. मी नणंदेच्या वेळी गेले होते, नाव ठेवायला जागा नको म्हणून. पाळणा म्हणायला लागल्या तेव्हा उठून बाथरूममध्ये गेले, नळ सोडून रडले. बाहेर आले तर एक आजी म्हणाल्या, हिला ओटी भरायला नका बोलावू. कुणी अडवलं नाही त्यांना. ते चार शब्द विसरायला मला दोन वर्षं लागली. जावेला आधी एकटं भेटा, साडी द्या, मिठी मारा, आणि रविवारी पुण्याला चेकअप आहे म्हणून सांगा. तब्येतीसाठी खोटं बोललं तर पाप लागत नाही.

---

गोदाकाठचा

पुरुष लिहितोय, चालेल ना.

आमच्यात अडचण माझ्या बाजूला होती. शुक्राणूंचा काउंट चार मिलियन. आता जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजणीत खालची मर्यादा १६ आहे, तेव्हा किती कमी ते बघा. पण गावात, घरात, लग्नात "काही विशेष?" असा प्रश्न सगळे माझ्या बायकोलाच विचारायचे. ती एकदाही बोलली नाही की ह्यांच्यामुळे आहे. शेवटी मीच आईला सांगितलं, आणि ते सांगायला मला तीन वर्षं लागली. कुणी नवरे वाचत असतील तर एवढी वर्षं लावू नका.

हसण्याचं म्हणाल तर, आमच्या क्लिनिकने नमुना घरून आणायची मुभा दिली होती. अट अशी की तासाच्या आत लॅबमध्ये पोचला पाहिजे आणि अंगाच्या उबेला राहिला पाहिजे. म्हणून डबी शर्टाच्या आतल्या खिशात, वरून स्वेटर. नवरात्राचे दिवस, मी स्कूटरवर, आणि जुन्या आग्रा रोडला कालिकेच्या यात्रेमुळे रस्ता बंद. वाहतूक हवालदाराने अडवलं. मी एका हाताने छाती दाबून धरलेली, घाम फुटलेला, त्याला वाटलं माझ्या छातीत दुखतंय. ॲम्ब्युलन्स बोलवायला निघाला. मग मला खरं सांगावं लागलं, भर रस्त्यात, ढोल वाजत असताना, त्यामुळे ओरडून. दोनदा. पहिल्यांदा त्याला ऐकू गेलं नाही.

तो एक क्षण माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माझ्या भावाचं पण चाललंय." आणि शिट्टी मारत माझ्या पुढे पळत निघाला, बॅरिकेड सरकवत, गर्दी बाजूला करत, थेट चौकापर्यंत. मी ५२व्या मिनिटाला लॅबमध्ये होतो.

त्या वेळी यश आलं नाही. ते नंतर इक्सीने (एकच शुक्राणू थेट बीजात सोडतात ते) आलं, मुलगी आता तीन वर्षांची आहे. पण बाई, तो हवालदार आठवला की मी अजून हसतो आणि डोळे भरून येतात. तुमच्या मिस्टरांनाही तसंच होत असणार. त्यांना सांगा, स्कोअर सांगत राहा.

---

काचेपलीकडची

मी एम्ब्रियॉलॉजी लॅबमध्ये अकरा वर्षं काम करते. तुमच्या गर्भांना सांभाळणारी माझ्यासारखीच कुणीतरी असेल, म्हणून लिहावंसं वाटलं.

आधी भीतीचं. ट्रान्सफरनंतर हसल्याने, खोकल्याने, शिंकल्याने, लघवीला गेल्याने गर्भ "पडत" नाही. गर्भाशय म्हणजे रिकामी पिशवी नव्हे, त्याच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात. पोळीत पुरण दोन्ही बाजूंनी धरलेलं असतं ना, तसं.

दुसरं, "टेन्शन घेतलं म्हणून राहिलं नाही" हे वाक्य मला आमच्या वेटिंग रूममधून हद्दपार करायचंय. २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १४ अभ्यासांचा, ३,५८३ स्त्रियांचा एकत्र आढावा आला होता. उपचाराआधीचं मानसिक दडपण आणि त्या सायकलचं यश यांचा संबंध त्यात दिसला नाही. म्हणजे रडलात म्हणून गेलं नाही, आणि हसलात म्हणूनही गेलं नाही. बहुतेक वेळा कारण गर्भाच्या गुणसूत्रांत असतं, आणि ते कुणाच्या हातात नसतं.

हसण्यावरही अभ्यास झालाय बरं का. इस्राएलमध्ये ट्रान्सफरनंतर बायका पडून असताना त्यांच्याजवळ विदूषक पाठवला, चांगला शेफ टोपी घालून आलेला. २१९ स्त्रिया होत्या. विदूषक भेटला त्यांच्यात गर्भ राहण्याचं प्रमाण ३६.४ टक्के, न भेटलेल्यांत २०.२. हाही २०११चाच. ऐकायला फार गोड, पण अभ्यास एकच आणि छोटा, शिवाय गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. त्यावरून हसल्याने गर्भ राहतो असं मी तुम्हाला सांगणार नाही. नाहीतर उद्या "पुरेसं हसली नाही" हाही दोष बाईच्याच माथी येईल. हसू आलं तर हसा, एवढंच.

डॉक्टर चांगली बातमी सांगतात फक्त तेव्हाच आम्ही आनंदी असतो असं नाही. पाचव्या दिवशी सकाळी इन्क्युबेटर उघडून छान फुललेला ब्लास्टोसिस्ट दिसला की आम्ही मास्कच्या आत हसतो. तुमचे तीन बघून तिकडे कुणीतरी नक्की हसलं असेल.

---

गिरगावची_आजी

मुली, मी ७१ वर्षांची आहे. नात्यातल्या पोरीने हा फोनवर धागा काढून दिला.

१९८६च्या ऑगस्टमध्ये केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून हर्षाचा, टेस्ट ट्यूब बाळाचा, जन्म झाला, तेव्हा मी ते वर्तमानपत्र जपून ठेवलं होतं. पण आमच्यापर्यंत ते पोचेपर्यंत माझं वय निघून गेलं. आमचा उपचार म्हणजे थर्मामीटर. पहाटे डोळा उघडला की अंथरुणातून उठायच्या आधी तोंडात धरायचं, आणि आकडा आलेखाच्या कागदावर मांडायचा. तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला.

चाळीतली दीड खोली. त्यात सासूसासरे, दीर, नणंद आणि आम्ही दोघं. डॉक्टर सांगायचे, हे तीन-चार दिवस महत्त्वाचे. महत्त्वाचे असून करणार काय, सहाजण तर घरात. आम्ही कुणाला एक अक्षर बोललो नव्हतो. पण सासरे पोस्टात होते, आकड्यांची सवय. कपड्यांसाठी कपाट उघडताना त्यांनी तो कागद बघितला असणार. पुढच्या महिन्यात बरोबर त्याच दिवसांत, संध्याकाळी सात वाजता त्यांनी टोपी घातली आणि फर्मान सोडलं, "चला, चौपाटीवर भेळ." सगळ्यांना घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी परत भेळ. तिसऱ्या दिवशी दीर म्हणाला, बाबा, मला नको आता भेळ. तर त्याच्यावर डोळे वटारले. दोन वर्षं दर महिन्याला त्या घराने भेळ खाल्ली. आम्ही दोघं खोलीत तोंड दाबून हसायचो, कितीदा तर नुसते हसतच बसायचो.

मूल झालं नाही. ते दुःख संपलं असं मी म्हणणार नाही, पन्नाशीपर्यंत फार जाळलं त्याने. पण सासरे गेले तेव्हा मी जितकी रडले तितकी पोटची लेकही रडली नसती. कागद अजून आहे माझ्याकडे, पिवळा पडलाय.

डोहाळजेवणाचं तुझं मन सांगेल ते कर. गेलीस तर काम हातात घे. रिकाम्या हाताने बसू नकोस. रिकाम्या माणसाला लोक प्रश्न विचारतात.

---

साताऱ्याच्या_बाई

सगळ्यांचे आभार. प्रत्येक प्रतिसाद दोन-दोनदा वाचला, भेळेचा तर ह्यांना मोठ्याने वाचून दाखवला.

डोंबिवली ताई, तुमचं आणि आजींचं, दोघींचंही थोडं थोडं ऐकलं. जावेला मी फोन केला आणि सरळ सांगितलं की समारंभाला थांबायचं बळ नाही माझ्यात, पण फुलांची वाडी मी करते. ती रडली. म्हणाली, ताई, मला दुसऱ्या कुणाची नकोच होती.

तर शनिवारी रात्री आमच्या हॉलमध्ये मोगरा, शेवंती, गुलाब पसरलेले. मुकुट, बाजूबंद, कमरपट्टा, सगळं करायचं होतं. माझ्यासोबत ओवायला सासूबाई बसल्या. हे मधे मधे सुई ओवून देत होते आणि बातम्या बघत होते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ दंव गोठल्याचं दाखवत होते. हे म्हणाले, "आपल्या मंडळींपुढे ही थंडी काहीच नाही." मला हसू आलं, पण सासूबाई होत्या म्हणून मान खाली घातली.

थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "मंडळी म्हणजे ते दोघं ना? पुण्यातले?"

मी हो म्हटलं.

"किती थंडीत ठेवतात?"

म्हटलं, उणे १९६.

त्यांचा हात थांबला. बराच वेळ गप्प होत्या. मला वाटलं आता काहीतरी लागेल असं बोलणार. तर म्हणाल्या, "आणि लाईट गेली की गं?"

मी बघतच राहिले. आई म्हणाल्या, त्यांना हे महिनाभर छळतंय. आमच्याकडे रोज जाते, पुण्यातही जात असेलच, मग तेवढ्या वेळात त्या पोरांचं काय होतं? विचारायचं कुणाला, म्हणून सोमवारी महादेवाला सांगत होत्या, तिथली लाईट जाऊ देऊ नको म्हणून.

मी त्यांना समजावलं की ते फ्रीज नसतं आई, द्रव नायट्रोजनची टाकी असते, तिला लाईट लागतच नाही. नायट्रोजन कमी झाला की माणसं वरून भरतात. थर्मासला कुठे वायर असते, तसं.

"लाईट लागतच नाही?"

"नाही."

"मग मी चार सोमवार कशाला..." असं म्हणाल्या आणि पहिल्यांदा त्याच हसल्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत. मग मी. हे टीव्ही बंद करून आले, काय झालं विचारायला, आणि आम्हाला दोघींना सांगताच येईना. मांडीवरचा मुकुट घसरून अर्धी शेवंती सुटली, ती परत ओवायला साडेअकरा वाजले.